मी लिस्टला वही समजत होते (आणि मग अनारसे चुकले)

आमच्याकडे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात, म्हणजे सासूबाई घेतात, करतो आम्ही सगळ्या. इंदूरमध्ये मराठी घरं भरपूर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, आणि त्या घरांतल्या नव्या सुनांना चकलीची भाजणी कोण भाजणार म्हणून आमच्याकडे फोन. सासूबाईंची एक लाल कापडी पाठीची वही आहे, तीस वर्षांचा हिशोब तसल्याच वह्यांमध्ये. मागच्या पावसाळ्यात मला काय हुक्की आली कोण जाणे, मी ठरवलं की या वर्षी ऑर्डरी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत ठेवायच्या. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा फोनवर शिकवत होता, तो म्हणाला मावशी तू लिस्टपासून सुरू कर, लिस्ट आली की अर्धी लढाई जिंकली. अर्धी लढाई मी हरलेच आधी, ती कशी ते सांगते.

एक गोष्ट आधीच. मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय, पण टाइप करताना अपेंड, फॉर, इफ वगैरे सगळं इंग्रजीतच टाकायचं असतं. नावं मात्र तुम्ही खरंच मराठीत ठेवू शकता, पायथन ३ ला चालतं. म्हणजे ही ओळ जशीच्या तशी चालते:

ऑर्डर = ["चकली", "अनारसे", "करंजी"]

आकडे देवनागरीत टाकले तर मात्र नाही चालत, एरर देतो. गंमत म्हणजे इंट हे फंक्शन "४२" ही मराठी अक्षरं घेऊन व्यवस्थित बेचाळीस करून देतं, पण कोडमध्ये थेट ४२ लिहिलं की रुसतो. मी यावर एक संध्याकाळ घालवलीय, तुम्ही नका घालवू.

तर लिस्ट म्हणजे चौकोनी कंसात स्वल्पविराम देऊन मांडलेल्या गोष्टी, क्रमाने. पहिली गोष्ट नंबर ० ला असते. हे मला भाच्याने पुस्तकी सांगितलं ते डोक्यात गेलं नाही, पण मग मी म्हटलं समजा छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीची लिस्ट केली, पहिलं दुकान ०, तर शेवटचं ५५. आणि मी ५६ मागितलं की पायथन म्हणणार इंडेक्स आउट ऑफ रेंज, म्हणजे बाई छप्पन दुकानात सत्तावन्नावं दुकान शोधताय. शेवटचं हवं असेल तर मोजत बसायचं नाही, सरळ -१ मागायचं. आणि [०:३] म्हटलं की तीन गोष्टी येतात, ०, १, २, तिसऱ्या नंबरची नाही येत. हे आधी विचित्र वाटतं, मग सोयीचं वाटतं कारण शेवटातून सुरुवात वजा केली की किती मिळणार ते कळतं.

आता पहिला गोंधळ. ऑर्डरमध्ये शेव घालायची राहिली होती. भाच्याने अपेंड, म्हणजे लिस्टच्या शेवटी एक गोष्ट जोडणं, शिकवलं होतं पण मी कुठेतरी अधिक बरोबर असं चिन्ह बघितलं, म्हटलं अरे हे सोपं आहे, आणि लिहिलं:

ऑर्डर += "शेव"

चाललं! एरर नाही, काही नाही. प्रिंट केलं तर चकली, अनारसे, करंजी, मग श, मग नुसती एक मात्रा टिंबटिंबांच्या गोलावर बसलेली, मग व. मी घरात एकटीच हसत होते. झालं काय, की += म्हणजे समोरच्या गोष्टीतलं एक एक उचलून लिस्टमध्ये घालणं, आणि शब्द म्हणजे पायथनसाठी अक्षरांची माळ. आणि आपल्या शेव या शब्दात त्याला तीन तुकडे दिसतात, श, मात्रा, व. इंग्रजीत शिकणाऱ्याला ही चूक झाली की निदान अक्षरं तरी दिसतात, आपल्याला लोंबकळती मात्रा दिसते. एकच गोष्ट घालायची तर ऑर्डर.अपेंड("शेव"), किंवा += च्या पुढे ["शेव"] असा कंस घालायचा. बस.

दुसरा गोंधळ जास्त महाग पडला. मला ऑर्डरी अकारविल्हे लावायच्या होत्या, म्हणून लिहिलं:

ऑर्डर = ऑर्डर.सॉर्ट()

आणि ऑर्डर बघितली तर नन. म्हणजे काहीच नाही. एकतीस नावं साफ, इंदूर स्वच्छतेत कित्येकदा पहिलं आलंय ते ठीक आहे पण इतकं साफ नको होतं. भाचा म्हणाला मावशी, सॉर्ट जागेवरच लावतो, हातात काही देत नाही, आणि तू त्या 'काहीच नाही'ला ऑर्डर हे नाव देऊन टाकलंस. अपेंड, रिव्हर्स, रिमूव्ह, इन्सर्ट, सगळे असेच, काम करतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. पॉप मात्र काढलेली गोष्ट हातात देतो. आणि मूळ लिस्ट तशीच ठेवून नवीन लावलेली हवी असेल तर सॉर्टेड नावाचं वेगळं फंक्शन आहे. सॉर्ट आणि सॉर्टेड, नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं.

लावतो मात्र छान. यामागचा जो प्रकार आहे त्याला टिमसॉर्ट म्हणतात, टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठीच लिहिला, आणि त्याचा एक गुण माझ्या कामाचा निघाला. ऑर्डरी वस्तीप्रमाणे लावल्या तरी एकाच वस्तीतल्या लोकांचा आपसातला क्रम बदलत नाही, म्हणजे राजेंद्रनगरमध्ये ज्याने आधी फोन केला तो आधीच राहतो. आमच्याकडे या एका मुद्द्यावरून बायका अजून रुसल्यात, म्हणून सांगते. फक्त मराठी आडनावं लावताना लक्ष ठेवा, कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक ठरलेला नंबर असतो, युनिकोड नंबर, त्याने तो लावतो आणि तिथे ळ हा ल च्या शेजारी बसलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून माझ्या यादीत काळे आधी आणि काशीकर नंतर आले. सासूबाईंनी बघून लगेच म्हटलं, हे तुझ्या मशीनला मराठी येत नाही.

आता खरा मुद्दा, जिथे अनारसे गेले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी आजच्या डिलिव्हरीची यादी करायला घेतली. कालची सगळी यादी होतीच, म्हटलं तिचीच एक प्रत काढू आणि जे दिलं ते काढत जाऊ:

आज = काल

मग आजमधून एक एक रिमूव्ह. संध्याकाळी कालची यादी हिशोबासाठी उघडली तर तीही अर्धी रिकामी. मी कालला हातसुद्धा लावला नव्हता, देवाशपथ.

आणि इथे मला कळलं की मी लिस्टला वही समजत होते. वहीत यादी उतरवून काढली की दोन याद्या होतात, एकीवर रेघ मारली म्हणून दुसरीवर मारली जात नाही. पायथनमध्ये बरोबरचं चिन्ह काही उतरवून काढत नाही. ते फक्त त्याच यादीला आणखी एक नाव देतं. आमच्या इंदूरच्या सराफा बाजारासारखं आहे हे. दिवसा ज्या दुकानात सोन्याचा व्यवहार चालतो त्याच दुकानासमोर रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू, म्हणजे तळलेला कंद. सकाळच्या माणसाला तुम्ही पत्ता विचारा, तो सोनाराचं नाव सांगेल, रात्रीचा कीसवाल्याचं सांगेल, ओटा एकच. रात्री कोणी तिथे चटणी सांडली तर सकाळी सोनाराच्याच पायाला लागणार. आज आणि काल ही दोन नावं होती, ओटा एक.

हे डोक्यात बसलं की आधीचे गोंधळही एकदम उलगडतात. सॉर्ट हातात काही का देत नाही, तर तो ओट्यावरचंच सामान लावतो. सॉर्टेड नवा ओटा टाकतो.

खरी प्रत हवी तर आज = काल.कॉपी(), किंवा काल[:] असंही चालतं. मी लगेच लावलं आणि खूश झाले, आणि दोन दिवसांनी परत फसले कारण तोवर मी प्रत्येक ऑर्डरची आतमध्ये छोटी लिस्ट केली होती, नाव आणि किलो. कॉपी फक्त बाहेरची लिस्ट नवी करते, आतल्या छोट्या लिस्टा दोन्हीकडे त्याच. एकीकडे २ किलोचे ३ केले की दुसरीकडेही ३. त्यासाठी कॉपी नावाच्या मॉड्यूलमधलं, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्यातलं, डीपकॉपी आहे, ते आतल्या लिस्टांचीही प्रत काढतं. पण मला वाटतं शिकताना इतक्या आत जाऊ नका, आधी एका मजल्याची लिस्ट नीट वापरा.

आणि अनारसे? ते वेगळ्याच फटीतून पडले. कॉपी लावायच्या आधी मी फॉर लूप, म्हणजे एकेक गोष्ट क्रमाने बघत जाणारी फेरी, फिरवून दिलेल्या गोष्टी त्याच लिस्टमधून काढत होते. समजा ["अनारसे", "अनारसे", "करंजी"] आहे आणि लूप सांगतो अनारसे दिसले की काढ. पहिल्या जागेवरचे काढले, मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकले, लूप मात्र आता दुसऱ्या जागेवर बघतोय, तिथे करंजी. दुसरे अनारसे त्याच्या नजरेखालून निसटले. रांगेतला एक माणूस उठला की मागचे सरकतात आणि मोजणारा एक माणूस सोडून मोजतो, तसंच. म्हणजे देऊन झालेले अनारसे यादीत उरले, आणि आम्ही पलासियाच्या एका घरी तेच अनारसे दुसऱ्यांदा पोचवले. त्यांनी ठेवून घेतले, अर्थात. काढण्यापेक्षा उरलेल्यांची नवी लिस्ट करायची:

उरलेलं = [वस्तू फॉर वस्तू इन ऑर्डर इफ वस्तू != "अनारसे"]

वाचायला उलटं वाटतं पण मराठीत म्हणून बघा, ऑर्डरमधली प्रत्येक वस्तू घे, जर ती अनारसे नसेल तर. एका ओळीत काम.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा लावला, आणि लाल वही उघडून पलासियाच्या नावापुढे लिहिलं, अर्धा किलो अनारसे, येणे. पैसे अजून आलेले नाहीत.