काडेपेटीतले तांदूळ

काकूंनी टेबलावर काडेपेटी ठेवली आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन महिन्यांतली ही तिसरी. आत कापसावर तेच, तांदळाच्या कणीएवढे पिवळट वाळके दाणे. त्यांच्या कुत्र्याच्या, गब्बूच्या शेपटीखाली चिकटलेले, जपून वेचून आणलेले.

"डॉक्टर, तुमच्या गोळ्या नकली तर नाहीत ना हो?"

काकू निवृत्त गणित शिक्षिका. उत्तर चुकलं की पायऱ्या तपासायच्या, ही त्यांची सवय. दाणे म्हणजे पट्टकृमीचे, फितीसारख्या चपट्या जंताचे तुकडे, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गब्बू 10 किलोचा, म्हणून प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध असलेली एक गोळी. दुसऱ्यांदाही तीच. आता तिसऱ्यांदाही तीच लिहायला मी पेन उचललं होतं, तेवढ्यात काकूंनी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. गोळी दिली त्या तारखेला गोल, दाणे दिसले त्या तारखेला फुली. पहिल्या गोलापासून फुलीपर्यंत 23 दिवस, दुसऱ्यापासून 24.

मी पेन खाली ठेवलं. औषध लागू पडलं नसतं तर दाणे मुळात थांबलेच नसते. ते तीन आठवडे थांबत होते, आणि हा पट्टकृमी पोटात गेल्यापासून तुकडे टाकायला लागेपर्यंत साधारण तेवढाच वेळ घेतो. म्हणजे जुने जंत मरत होते आणि गब्बू नवे गिळत होता. हा जंत कुत्र्याच्या पोटात जातो तो पिसवेतून. तिची अळी जंताची अंडी खाते, ती पिसू मोठी होऊन कुत्र्याच्या अंगावर येते, आणि कुत्रा खाजेनं चावताना तिला गिळतो.

पिसवांचं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "छे हो, दर रविवारी आंघोळ," म्हणाल्या, आणि मी पुढं सरकलो. दवाखान्यात आणताना कुत्रा न्हाऊमाखू घालून आणतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि अंथरुणाची चौकशी करायला पाव तास. आता मात्र गब्बूच्या शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवली, खाली पांढरा कागद. चार काळे कण पडले. ओल्या कापसावर घेतले तर भोवती तांबूस डाग पसरला. पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या लख्ख. मग जिन्याखाली डोकावलो. तिथं जुनी गोधडी आणि तीत तीन पिल्लांसह विसावलेली एक करडी मांजर. "दुपारी गब्बू इथंच झोपतो, फार प्रेम आहे हो त्यांचं," काकू कौतुकानं म्हणाल्या. गोधडीचं टोक उचललं आणि माझ्या पांढऱ्या मोज्यांवर टिपटिप काळे ठिपके उड्या मारू लागले.

काकू दोन पावलं मागं सरकल्या. पहिला प्रश्न नातवाचा, तो गब्बूला कवेत घेऊन झोपतो. त्याच्या पोटात जायचं तर पिसूच गिळली जायला हवी, हे सांगितल्यावर त्या जरा निवळल्या. क्वचित लहान मुलांत तसं होतंही, म्हणून दाणे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, एवढं बोललो.

गब्बूला गोळी आणि मानेवर पिसवांचे थेंब, दर महिन्याला. गोधडी जाळायची. बाकी अंथरुणं उकळत्या पाण्यात, आणि फरशीच्या फटी रोज झाडायच्या, कारण कोशातल्या पिसवा कित्येक आठवडे दबा धरून बसतात. "पण दर तीन महिन्यांनी जंताची गोळी पुरते असं तुम्हीच म्हणाला होतात," काकू म्हणाल्या. म्हणालो होतो, गोल जंतांसाठी.

मांजरीचे थेंब मात्र वेगळे. कुत्र्याच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

"ते आणते मी," काकू म्हणाल्या, "पण तिला धरणार कोण?" करडीनं तोवर कान मागं टाकले होते. माझ्या डाव्या मनगटावरच्या तीन रेघा त्याच संध्याकाळच्या.