लांखारोनचं पाणी

परवा भर दुपारी फिल्टरवाला आला. पिशवीतून त्याने पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काढलं, पेल्यात बुडवलं आणि म्हणाला, “काकू, टीडीएस बावन्न. एक नंबर पाणी!”

आई देवघराशेजारच्या खुर्चीत माळ ओढत बसली होती. माळ थांबवून तिने विचारलं, “अन् चव?”

हा प्रश्न त्याला नोकरीत पहिल्यांदाच आला असावा. “चव म्हणजे... पाण्यासारखीच की, आजी.”

आईने नुसतं “हं” केलं. त्या ‘हं’चा अर्थ सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरी अशी एखादी आई किंवा आजी आहे त्यांना तो कळतोच.

आमच्याकडे कोणीही परगावाहून आलं की पहिला प्रश्न ‘प्रवास कसा झाला’ असा नसायचा, ‘तिकडलं पाणी मानवलं का?’ असा असायचा. आत्याचं बाळंतपण मुंबईत झालं, बाळ बारीक निघालं, कारण पाणी. काकांचे केस गेले, पाणी. धाकट्या मामाची नोकरी टिकेना, त्यातही कोणीतरी पाण्याचा हात शोधून काढला होता. आजोळ लातूरकडे, औशाजवळ, गावात दोन आड. देवळापाशी होता त्याचं पाणी गोडं, तालमीमागच्याचं मचूळ. डाळ शिजायची ती देवळाच्याच पाण्यात. तालमीचं पाणी भांड्यांना, गुरांना आणि नावडत्या पाहुण्यांना. (हे शेवटचं आजोबा म्हणायचे. आजी रागवायची, पण नाही म्हणायची नाही.)

एका मे महिन्यात आम्ही मावस-मामेभावंडांनी आजीला फसवायचं ठरवलं. देवळाचा आड पार खाली गेला होता, पोहरा तळाला घासून नुसता गाळ वर यायचा. तासभर ताटकळायचा कंटाळा आला, म्हणून घागर तालमीच्या आडावर भरली, वर तांब्याभर देवळाचं पाणी ओतलं आणि शहाण्यासारख्या चेहऱ्यांनी घरी आलो. आजीने ओंजळभर तोंडात घेतलं, क्षणभर खेळवलं, उंबऱ्याबाहेर थुंकलं. “तालमीचं हाय. अन् घागर राखेनं घासलीय, चिंचेनं नाही.” त्यानंतर बरीच वर्षं मला खात्री होती की आजीला माणसाच्या मनातलंही असंच चव घेऊन कळत असणार. मी तिच्यासमोर फार खोटं बोलत नसे.

तर फिल्टरवाला मेणबत्त्या बदलायला लागला आणि मला लांखारोन आठवलं. ते स्पेनच्या दक्षिणेला, ग्रानादाहून बसने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. माझी भाची ग्रानादात शिकायला होती, तेव्हा जूनमध्ये पंधरा दिवस तिच्याकडे गेले होते. नकाशावर वाचून मी ‘लंजारोन’ म्हणायचे. भाचीने दोनदा सुधारलं, “मावशी, ‘ज’ नाही, ‘ख’. आणि तो घशातून.” तो ‘ख’ घशातून काही निघेना.

बस एका खिंडीतून जाते. तिचं नाव ‘मुराचा उसासा’. मूर म्हणजे तिथे पूर्वी राज्य करणारे मुसलमान. 1492 मध्ये ग्रानादा हातचं गेलं तेव्हा शेवटचा सुलतान बोआबदिल इथून मागे वळला आणि शहराकडे बघून रडला म्हणे. त्याची आई शेजारीच होती. पुरुषासारखं जे राखता आलं नाही त्यासाठी आता बाईसारखा रड, असं ती म्हणाली अशी दंतकथा आहे. आयांना नेमक्या वेळी काहीतरी बोलायचं असतंच. भाचीला मी हे म्हटलं. ती मोबाइलमध्ये होती.

लांखारोन म्हणजे सिएर्रा नेवादाच्या दक्षिण उतारावर पसरलेला एक लांबलचक रस्ता. एका टोकाला स्नानगृह, म्हणजे तिकडचं ‘बाल्नेआरियो’, आणि मग हॉटेलं, वेताच्या टोपल्यांची दुकानं, टांगलेले डुकराचे हॅम, बाकांवर बसलेले म्हातारे. मागे हिमाचे डोंगर, त्यातल्या मुलासेनची उंची 3,479 मीटर. खाली कड्यावर पडका किल्ला. रस्त्यात दर थोड्या अंतरावर वाहता नळ, त्यावर रंगीत फरशांवर कवितेच्या ओळी. पाण्यावर कविता लिहून नळावर लावणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्याकडे नळावर ‘पाणी जपून वापरा’ असतं, तेही नगरसेवकाच्या फोटोसकट.

तिथे पाण्याला नावं आहेत, आमच्या आडांसारखीच. कापुचिना, सालुद, सान विसेंते. एक यकृताला, एक मूत्रपिंडाला. स्नानगृहातला डॉक्टर कोणी कुठलं, किती, कधी प्यायचं ते लिहून देतो. सरकारी योजनेतून सवलतीत आलेले निवृत्त लोक हातात पेला घेऊन अंगणात येरझारा घालत होते. एक घोट, दहा पावलं, पुन्हा घोट. बायका एकमेकींना सांगत होत्या. भाषा कळत नव्हती, पण पोटाला हात लावून चाललं होतं, त्यामुळे विषय कळला.

कापुचिनाचा पेला मी आईच्या वतीने घेतला. गंजका खिळा मिठात घोळवून जिभेवर ठेवला तर जसं लागेल तसं लागलं. फिल्टरवाल्याचं पेन त्यात बुडवलं असतं तर बिचारं फेफरं येऊन पडलं असतं. भाचीने पेला देणाऱ्या बाईला काहीतरी विचारलं आणि हसू दाबत मला सांगितलं, “ती म्हणतेय, आज फार लांब फिरायला जाऊ नका.” आम्ही गेलो नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं, एवढंच सांगते.

गंमत अशी की स्पेनभर ज्या बाटलीवर ‘लांखारोन’ लिहिलेलं असतं त्यात हे पाणी नसतंच. बाटलीतलं पाणी वेगळ्या झऱ्याचं, बर्फ वितळून आलेलं, हलकं, बिनचवीचं. गाव प्रसिद्ध एका पाण्याने झालं आणि विकतं दुसरं.

संध्याकाळी आईला व्हिडिओ लावला.

“गरम हाय का?”

“नाही, गारच. अंघोळीचं तापवून देतात.”

“मग कसली कुंडं? वज्रेश्वरीला कसं, अंड उकडतंय.” वज्रेश्वरीला ती एकदाच गेली, 1974 मध्ये, तीही महिला मंडळाच्या सहलीत. पण तेव्हापासून जगातल्या सगळ्या झऱ्यांना तेच माप.

दुसऱ्या दिवशी वरच्या कापिलेइराला गेलो आणि मी रस्त्यातच थांबले. समोर माळवदं! उतारावर पायऱ्यांसारखी पांढरी घरं, सगळ्यांची छपरं सपाट, मातीची. लाकडी तुळया, त्यावर दगडी फरशा, वर ‘लाउना’ नावाची करडी माती थापलेली. तिच्यातून पाणी झिरपत नाही. गोल धुराडी सोडली तर ते आजोळच होतं. आजोळी तुळयांवर फळ्या, पाला आणि पांढरी माती असायची. झिरपत नाही म्हणायची पद्धत आमच्याकडेही होती. पहिल्या मोठ्या पावसात मात्र घरातली सगळी पातेली, तांबे, परात जमिनीवर मांडली जायची, आणि रात्रभर टप्-टुप्-टप् ऐकत आम्ही झोपायचो. कोणत्या भांड्याचा कोणता आवाज हे आम्हाला पाठ होतं. परातीचा सगळ्यात वाईट.

त्या डोंगरात मुरांनी खणलेले पाट आहेत, ‘असेकिया’. शब्दही अरबीच. उन्हाळा लागला, बर्फ वितळलं की ते पाणी उंचावरच वळवून मुद्दाम उतारावर सोडून देतात, जिरू देतात. मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, तेच खालच्या गावात झरा होऊन उगवतं. तिथले लोक याला ‘पाणी पेरणं’ म्हणतात. आमच्या शाळेच्या भिंतीवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहिलं होतं. भिंतीवरच होतं. 1568 ते 71 च्या बंडानंतर मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुरांना, इथून हुसकलं आणि लांबून ख्रिस्ती कुटुंबं आणून वसवली. पण पाट कसे चालवायचे ते नव्यांना येईना, म्हणून प्रत्येक गावात एक-दोन मोरिस्को घरं ठेवून घेतली, असं सांगतात. त्या एक-दोन घरांचं काय झालं असेल हा विचार मी बसमध्ये बराच वेळ केला. सगळा गाव परका झालेला, आणि आपण पाणी दाखवायला उरलेले.

आम्ही पोचलो तो आठवडा नेमका सान खुआनचा, म्हणजे संत जॉनच्या सणाचा. 23 जूनच्या मध्यरात्री लांखारोनमध्ये तासभर लोक एकमेकांना पाण्याने झोडपतात. बादल्या, पाइप, पिंपं, गच्चीतून ओतलेली घमेली. दुपारी डॉक्टरने लिहून दिलेला पेला घोट-घोट पिणाऱ्या एका आजींनी रात्री पहिल्या मजल्यावरून माझ्या डोक्यावर आख्खी बादली उलटी केली आणि हात हलवला. भाची किंचाळत नाचत होती. मी नाचले थोडी, पण खरं सांगू, मनात हिशेब चालला होता. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मामी फोनवर म्हणाली होती, “गाडी बघायला गेलो होतो गं, देवाची पालखी बघावी तसं.” त्या तासाभरात लांखारोनच्या रस्त्यावर किती वाघिणी वाहून गेल्या असतील? रंगपंचमीला मी असा हिशेब कधी केला नाही, हेही लगेच आठवलं, आणि मग मी एका पोराच्या हातची बादली हिसकावली.

येताना नळावरची एक छोटी बाटली भरून आणली, कपड्यांत गुंडाळून, आईसाठी. तिने प्यायली नाही. देवघरात काशीच्या गंगेचा सीलबंद गडू आहे, त्याच्याशेजारी ठेवली. तेव्हापासून तिलाही दसऱ्याला हळदकुंकू मिळतं.

फिल्टरवाल्याला ती दिसलीच. “ही कुठली? बघू का टाकून?”

“त्यात काही बुडवायचं नाही,” आई म्हणाली. त्याने पेन खिशात टाकलं, अठराशे रुपये घेतले आणि गेला.

मग दुपार पुन्हा सुस्त झाली. आई म्हणाली, “ते पाण्याचं गाव, तिथं अजून कोण कोण जायचं?” मी सांगितलं, एक कवी जायचा, लोर्का. म्हणजे त्याची आई जायची, विसेंता, मूळची शाळामास्तरीण. तिला या पाण्याचा उपचार होता. 1920 च्या दशकात घरचे सगळे तिच्याबरोबर जाऊन हॉटेलात राहायचे, मुलगाही.

“त्याला गुण आला का?”

“त्याला नव्हतं काही. तिला होतं.”

“मग त्याचं काय झालं?”

त्याला मारलं, म्हटलं. 1936 च्या ऑगस्टमध्ये, यादवी सुरू झाल्या झाल्या, फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी. अडतीस वर्षांचा होता. ग्रानादाजवळ एक मोठा झरा आहे, अरबांनी त्याला आसवांचा झरा असं नाव दिलं होतं, त्याच्याच आसपास कुठेतरी. शरीर अजून सापडलेलं नाही.

आईने माळ मांडीवर ठेवली. पंख्याचा आवाज येत होता.

“अन् ती आई?”

ती 1940 मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली, न्यूयॉर्कला. नवरा तिथेच वारला. नंतर ती परत आली, 1959 मध्ये माद्रिदला वारली.

आई बराच वेळ देवघराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तिकडलं पाणी मानवलं का गं तिला?”