हसल: तीनची पावलं, चारचा ठेका

हसल या डिस्कोच्या जमान्यातल्या जोडीनाचाचं बेसिक, म्हणजे पावलांचा मूळ संच, आता मोजावं लागत नाही. गाणं लागलं की पाय आपसूक ‘अँड-वन-टू-थ्री’ला लागतात आणि पार्टनरच्या हाताकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं राहतं. सालसातून इकडे आलेल्यांना सगळ्यात जास्त छळतं ते हे मोजणंच, म्हणून आधी तेच.

बीट तीन, पावलं चार. मी फॉलो करते (जोडीदार लीड करतो, मी त्याच्या इशाऱ्यावर नाचते), त्यामुळे ‘अँड’ला उजवा पाय मागे, ‘वन’ला वजन परत डाव्यावर, ‘टू’ला उजवा, ‘थ्री’ला डावा. ‘थ्री’, ‘अँड’, ‘वन’ ही तीन पावलं अर्ध्या-अर्ध्या बीटवर पडतात, सगळी धांदल तिथेच. बाकी दोन टप्प्यांना पूर्ण बीट मिळतो, जरा श्वास घेता येतो. गाणं मात्र चारच्या हिशोबात चाललेलं. त्यामुळे प्रत्येक बेसिक मागच्यापेक्षा वेगळ्या जागी सुरू होतं आणि चार बेसिक झाली, बारा मात्रा भरल्या, की पावलं आणि गाणं पुन्हा एकत्र येतात. तबल्याच्या आसपास वाढलेल्यांना हे सुख वेगळं सांगायला नको. आडवं जायचं आणि समेवर यायचं, तेही गाणं संपेपर्यंत पुनःपुन्हा!

हा नाच न्यूयॉर्कचा, त्यातही साउथ ब्राँक्समधल्या प्वेर्तो रिकन पोरापोरींचा. काळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यांच्या आईबापांची पिढी मॅम्बोवाली, म्हणजे क्युबन वळणाच्या जोडीनाचाची. मॅम्बोचं माहेरघर असलेलं पॅलेडियम बॉलरूम १९६६ मध्येच बंद पडलेलं. मधल्या काळात ट्विस्टने जोडीदाराचा हात सोडवला होता, जो तो आपल्या जागी उभा राहून नाचायचा. या पोरांनी घरच्या पार्ट्यांत पाहिलेलं हात धरणं, वळवणं उचललं आणि सोल-फंक संगीताच्या नव्या रेकॉर्डवर लावलं. तेव्हाच फिलाडेल्फियात अर्ल यंग हा ड्रमर बेस ड्रम चारही बीटवर सारखाच वाजवायला लागला होता. माझ्या मते हसल जमतो तो या सपाट ठेक्यामुळेच. कुठलाच बीट मान उंच करत नाही, मग तीनचं पाऊल कुठूनही उचला, खटकत नाही.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. व्हॅन मॅकॉयने न्यूयॉर्कच्या क्लबातल्या या नाचाबद्दल ऐकून त्याच नावाचं गाणं केलं आणि जुलै १९७५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत अशी की नाव जगभर पोचलं आणि नाच मागेच राहिला. लग्नसमारंभात लोक रांगेत उभे राहून जे करतात त्यालाही हसलच म्हणतात! १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ने त्या रांगेवर शिक्काच मारला. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला गेला. फॅशन ओसरली, पण जोडीने नाचणाऱ्यांनी नाच सोडला नाही.

आता माझं सध्याचं काम: फ्री स्पिन. ‘टू-थ्री’वर गिरकी पूर्ण करायची आणि लगेच ‘अँड’ला मागचं पाऊल तयार हवं. सालसात गिरकीनंतर जरा रेंगाळता येतं, इथे ती चैन नाही. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, ‘थ्री’चं पाऊल छोटं, अंगाच्या अगदी खाली. दुसरं, हाताचा ताण. कोपर शरीरापुढे ठेवून बोटं नुसती आकड्यासारखी अडकवायची, मूठ आवळायची नाही. हात ताणला गेला की लीड करणाऱ्याने न सांगताही पुढची दिशा कळते. हे जमतं तेव्हा वेग वाढल्यासारखा वाटतच नाही, उलट वेळ हाताशी शिल्लक आहे असं वाटतं.

सलग दोन गिरक्या अजून फक्त संथ गाण्यांवर निघतात. त्या पक्क्या झाल्या की लीडची बाजू शिकायला घेणार, कारण हाताचा ताण दोन्ही टोकांनी कळल्याशिवाय ‘रोप’च्या, म्हणजे दोघांच्या हातांच्या, गुंफणीला हात घालण्यात अर्थ नाही.