५५ हजारांत साडेअकरा लिटरचा गेमिंग पीसी: ग्राफिक कार्ड सोडून जवळजवळ सगळं जमलं

कॅबिनेट (साडेअकरा लिटर हे त्याचं घनफळ), मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) असे पाच पार्ट घरात आले. खर्च झाला ३१ हजार. उरलेल्या २४ हजारांत ग्राफिक कार्ड, प्रोसेसरसाठी बुटका कूलर आणि समोरचा एक पंखा बसवायचा आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि ५०० जीबीची साटा एसएसडी जुनीच वापरणार, म्हणून ती या हिशोबात नाहीत.

माझी नोकरी डोंबिवलीत आणि घर अकोल्याला. दिवाळीला आणि मे महिन्यात विदर्भ एक्सप्रेसने घरी जातो, तेव्हा पीसी सॅकमध्ये घालून नेता आला पाहिजे. आणि मे महिन्यात अकोल्यात पारा ४४-४५ वर असतो, तिथेही तो धापा न टाकता चालला पाहिजे. डबा लहान केला की हवा कोंडते, हवा खेळती ठेवायची तर डबा मोठा होतो. त्यात पैसे मोजकेच. पार्टची सगळी निवड या ओढाताणीतून झाली आहे.

मिनी-आयटीएक्स (पुढे नुसतं आयटीएक्स) बोर्ड १७० बाय १७० मिमी असतो. व्हिया कंपनीने तो २००१ मध्ये आणला तेव्हा गेमिंग कोणाच्या डोक्यातही नव्हतं. मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४. आपल्याकडे दुकानात सहज मिळतो तो मायक्रो-एटीएक्सच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आयटीएक्स मागितला की बहुतेक काउंटरवर एकच उत्तर येतं, "ऑर्डर करना पड़ेगा." साधा बी-४५० चा (हे बोर्डावरच्या चिपसेटचं नाव) मायक्रो-एटीएक्स बोर्ड साडेपाच-सहा हजारांत येतो, तर नवा आयटीएक्स बोर्ड नऊ-दहा हजारांच्या खाली मला दिसला नाही. एसएमपीएसचंही तेच. नेहमीच्या आकाराचा, ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एटीएक्स साडेचार हजारांत, आणि तेवढ्याच ताकदीचा पण लहान आकाराचा एसएफएक्स आठ-नऊ हजारांत. म्हणजे बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही छोटे घेतले तर आठ हजार जास्तीचे जातात, आणि गेममध्ये एक फ्रेमही वाढत नाही. तेच आठ हजार ग्राफिक कार्डात घातले तर पूर्ण एक पायरी वर जाता येतं.

म्हणून मी ठरवलं की लहान आकाराचे जास्तीचे पैसे एकाच ठिकाणी मोजायचे. बोर्ड आयटीएक्स, एसएमपीएस मात्र साधा एटीएक्स. हे ठरलं आणि कॅबिनेटची यादी एकदम आखूड झाली. कूलर मास्टरचा एनआर२०० हा माझा आवडता, सुमारे १८ लिटरचा, हवा उत्तम. पण त्याला एसएफएक्सच लागतो. क्यू३००एल स्वस्त आणि मोकळा, पण ३८७ बाय २३० बाय ३८१ मिमी म्हणजे जवळजवळ ३४ लिटर. तो सॅकमध्ये काय, रेल्वेच्या सीटखालीही नीट जाणार नाही. ॲसरॉकचा डेस्कमीट एक्स३०० आठ लिटरचा, ५०० वॅटच्या एसएमपीएससकट येतो, एएम४ चा (रायझन प्रोसेसर बसतात ती खाच) आहे. ज्यांना बोर्ड-कॅबिनेटची जुळवाजुळव नको त्यांनी तो जरूर बघावा. मला बोर्ड पुढेमागे बदलता यायला हवा होता, शिवाय त्यात २०० मिमीपेक्षा लांब कार्ड बसत नाही.

राहिला सिल्व्हरस्टोनचा एसजी१३. २२२ बाय १८१ बाय २८५ मिमी, साडेअकरा लिटर. आत आयटीएक्स बोर्ड, साधा एटीएक्स एसएमपीएस, साडेदहा इंच म्हणजे २६७ मिमीपर्यंतचं कार्ड आणि समोर १२० किंवा १४० मिमीचा एक पंखा. मला तो मुलुंडच्या एका गृहस्थांकडून साडेतीन हजारांत मिळाला, जाळी जराशी दबलेली, बाकी नव्यासारखा. घेण्याआधी पुठ्ठ्याचा तेवढाच खोका करून सॅकमध्ये घालून पाहिला होता. चेन लागते, आणि चार्जर-वायरींना वर जागा उरते. मोजमापं कागदावर वाचून अंदाज येत नाही. कॅबिनेट ठरवताना पुठ्ठा कापून बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

या मांडणीची एक अडचण आहे. एसएमपीएस बोर्डाच्या डोक्यावर, प्रोसेसरच्या बरोबर वर येतो. कूलरला उंची मिळते ६१ मिमी, आणि त्याची गरम हवा एसएमपीएसच्या खाली कोंडते. मुंबईच्या हवेत हे चालून जातं. अकोल्यासाठी मात्र प्रोसेसर वॅट बघून निवडावा लागला.

रायझन ५ ५६०० आणि कोअर आय५-१२४००एफ हे दोन पर्याय समोर होते. दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेड. १२४००एफचा मोठा फायदा म्हणजे एच६१० चे आयटीएक्स बोर्ड, आणि त्यावर कार्डाला पीसीआयई ४.० मिळतं (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांमधला माहितीचा रस्ता; ४.० चा वेग ३.० च्या दुप्पट). पण त्याची टर्बोची, म्हणजे वेग वाढवून चालतानाची, मर्यादा ११७ वॅट आहे. गेम खेळताना तो तेवढे खात नाही हे खरं, तरी शेडर कंपाइल होताना (गेमचे ग्राफिकसाठीचे छोटे प्रोग्रॅम तयार होतात तेव्हा) किंवा व्हिडिओ रेंडर करताना तो तिथवर जाणार, आणि ६१ मिमीच्या कूलरखाली मला ते नको होतं. ५६०० ७६ वॅटवर थांबतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ही मर्यादा, म्हणजे पीपीटी, अजून खाली आणता येते. ५५०० दीड-दोन हजारांनी स्वस्त पडत होता, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२. गेममध्ये, विशेषतः फ्रेम मध्येच अडखळण्यात, हा फरक जाणवतो. इथे मी काटकसर केली नाही. ५६०० नवा, डबाबंद, तीन वर्षांच्या वॉरंटीसह घेतला.

बोर्ड ए-५२० चा आयटीएक्स, सेकंडहँड, साडेसहा हजार. त्यावर वायफाय आहे, म्हणजे वेगळा डोंगल नको. आधीच्या मालकाने त्यावर ५६००जी चालवला होता, त्यामुळे बायोस जुना असण्याची धास्ती नव्हती. जुना एएम४ बोर्ड घेताना हे आधी विचारा: त्यावर ५००० मालिकेचा कोणता प्रोसेसर चालला आहे? नसेल तर दुकानदाराकडून बायोस अपडेट करूनच घ्या, नाहीतर घरी आणल्यावर स्क्रीन काळी राहील.

ए-५२० वर कार्डाला पीसीआयई ३.० मिळतं, ४.० नाही. इथे कार्डाची निवड फार जपून करावी लागते. आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० या दोन्हींना पीसीआयईच्या रस्त्याच्या फक्त ४ लेन आहेत आणि मेमरी ४ जीबी. मेमरी भरली की कार्ड सतत रॅमकडून माल ओढत राहतं, आणि ३.० च्या ४ लेनमध्ये तो रस्ता निम्मा होतो. जुन्या बोर्डावर ६५०० एक्सटी घेऊन हताश झालेले बरेच जण आहेत. आरएक्स ६६०० ला ८ लेन आणि ८ जीबी मेमरी, तिथे ३.० मुळे होणारं नुकसान थोडकंच आहे. आणि ते कार्ड १३२ वॅटवर चालतं, एकच ८-पिन केबल लागते. १०८० पी साठी या पैशात मला याहून चांगलं कार्ड दिसत नाही.

इतर कार्डांबद्दल थोडक्यात. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ७० वॅटवर, वेगळ्या केबलशिवाय चालतं. जुन्या ऑफिसच्या चपट्या पीसीत घालायला ते अप्रतिम, पण वेगात ६६०० त्याच्या बराच पुढे आहे. सेकंडहँड आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं मिळतं, डीएलएसएसही (लहान चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) मिळतं, पण १७० वॅट. आर्क बी५८० ची १२ जीबी मेमरी मोहात पाडते. मात्र ते १९० वॅटचं, आणि ५६०० सारख्या प्रोसेसरबरोबर त्याचा ड्रायव्हर काही गेममध्ये प्रोसेसरवरच जास्त भार टाकतो. माझ्या डब्यात ते नको.

रॅमने मात्र घाम फोडला. २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव जे चढले ते सगळ्यांनीच पाहिले. कारखाने एआय सर्व्हरसाठीच्या मेमरीकडे वळले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एएम५ चा, म्हणजे रायझनच्या नव्या खाचेचा, विचार मी तिथेच सोडला, कारण त्याला डीडीआर५ ही नवी रॅम लागते. आतच ग्राफिक असलेला ८६००जी प्रोसेसर घेऊन कार्डाशिवाय भागवण्याचा बेतही त्याच कारणाने बारगळला. डीडीआर४ ही महागली, पण सेकंडहँड बाजारात तिचा साठा भरपूर आहे, कारण गेल्या आठ-दहा वर्षांतले बहुतेक पीसी तिच्यावर चालतात. ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० च्या वेगाच्या, सहा हजारांत घेतल्या. दोन पट्ट्याच घ्या. १६ ची एक पट्टी स्वस्त पडते, पण सिंगल चॅनलवर, म्हणजे एकाच पट्टीवर, ५६०० ची ताकद वाया जाते. आणि लॅपटॉपची रॅम या खाचेत बसत नाही, तेव्हा घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आशा ठेवू नका.

जुन्या पट्ट्यांवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. एकही एरर नाही. ५६०० मध्ये ग्राफिक नसल्यामुळे स्क्रीनसाठी मामेभावाचं जुनं जीटी ७१० लावलं. हे कार्ड गेमसाठी निरुपयोगी, पण असं एखादं कोणाकडून तरी मागून आणून ठेवावं. नवं कार्ड येण्याआधी बाकीचा सगळा पीसी तपासून होतो.

आता तापमान. प्रोसेसरबरोबर आलेला रेथ स्टेल्थ कूलर ५४ मिमीचा, म्हणजे तो एसजी१३ मध्ये बसतो. डोंबिवलीत खोलीत ३० अंश असताना सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून गुण देणारी चाचणी) चालवला. उघड्या टेबलावर प्रोसेसर ८० च्या आसपास राहिला. डब्यात बसवून वर एसएमपीएस आल्यावर ८८-८९, आणि ५६०० ची मर्यादा ९०. मग पीपीटी ६० वॅटवर आणला. तापमान ७७-७८ वर आलं आणि गुण पाच-सहा टक्क्यांनीच घटले. गेममध्ये तेवढाही फरक पडू नये, कारण तिथे दमतं ते कार्ड.

खोलीचं तापमान जितकं वाढेल, साधारण तितकंच आतलंही वाढतं. ३० ला ७८ असेल तर ४० ला ८८. म्हणजे पीपीटी कमी करूनही अकोल्यासाठी स्टेल्थ पुरत नाही. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ घेणार आहे. ४७ मिमी उंच आहे, म्हणजे त्याच्या पंख्याला वरून हवा ओढायला स्टेल्थपेक्षा ७ मिमी जास्त मिळतात, आणि हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) असल्यामुळे उष्णता सगळ्या पत्र्यांवर पसरते. कार्डही एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमधून अंडरव्होल्ट करेन, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालवेन. आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीत वाळ्याचा कूलर चालतो. तो खोली गार करतो हे खरं, पण पीसी त्याच्या थेट झोतात ठेवायचा नाही. ओल आणि धूळ एकत्र आली की पंख्याच्या पात्यांवर थर बसतो आणि तो पुसूनही निघत नाही. समोरच्या जाळीला आतून नायलॉनची बारीक जाळी लावणार आहे, दर महिन्याला काढून धुता येईल अशी.

एसएमपीएसवर कधीच पैसे वाचवायचे नाहीत, हे माझं ठाम मत. प्रोसेसर ७६, कार्ड १३२, बाकी सगळं मिळून ४० धरा; २५० वॅट. ४५० वॅटचा चांगला एसएमपीएसही पुरला असता, पण ५५० वॅटचा अर्ध्या भारावर चालतो, तिथे त्याची कार्यक्षमता सगळ्यात चांगली असते आणि पंखा सावकाश फिरतो. त्याच्या खाली प्रोसेसर तापलेला असताना ही सवलत हवीच. एसजी१३ साठी १४० मिमी लांबीचाच एसएमपीएस घ्या. लांब एसएमपीएस घेतला तर केबल वळवायला जागा राहत नाही. एकूण भार २५० च्या आसपास राहिल्यामुळे घरचा ६०० व्हीए, ३६० वॅटचा यूपीएस मॉनिटरसकट तो पेलतो. अकोल्यात दुपारची लाइट गेली तर सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळेल.

कार्ड सॅफायर पल्सचं आरएक्स ६६०० बघतोय, १९३ मिमी लांबीचं. सध्या नवं २१-२२ हजारांच्या आसपास सांगतात. सेकंडहँड घ्यायचं तर समोर फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) वीस मिनिटं चालवू देणाऱ्याकडूनच. १९३ मिमीच्या कार्डापुढे सात सेंटीमीटर जागा उरते, त्यामुळे समोर १४० मिमीचा पंखा बसवून केबलची जुडी त्याच्या बाजूला वळवता येईल असा अंदाज आहे. ज्यांच्याकडे एसजी१३ आहे त्यांनी एवढं सांगा: तुम्ही एसएमपीएसच्या केबल कार्डाच्या पुढे ठेवल्या की डाव्या बाजूच्या फटीत दाबल्या, आणि त्याने कार्डाच्या तापमानात किती अंशांचा फरक पडला?