ह्या माणसाला दमा आहे का?

परवा दुपारी मटार सोलत बसले होते. इयरफोनची डावी बाजू गेलीये (कायम डावीच का जाते कोण जाणे), म्हणून फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ऑडिओबुक मोठ्याने लावलं. मावशी भांडी घासत होत्या. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं, मग नळ बंद केला आणि म्हणाल्या, "ताई, ह्या माणसाला दमा आहे का ओ?"

हा माणूस म्हणजे गॉलम. टोल्किनच्या 'द हॉबिट' ह्या कादंबरीतलं ते अंधारातल्या कोड्यांचं प्रकरण चालू होतं आणि वाचणारा अँडी सर्किस, सिनेमात गॉलम झालेला तोच, त्यामुळे गॉलमचं वाक्य आलं की गडी नुसता सुटतो, गिळतो काय, फिस्कारतो काय, मध्येच स्वतःशीच कुजबुजतो काय. मावशींना इंग्रजीचा गंध नाही. अंगठी कसली, कोडी कसली, बिल्बो कोण, काही ठाऊक नाही. तरी त्यांना बरोब्बर कळलं की हा कुणीतरी ओल्या जागी राहणारा, खंगलेला, वर्षानुवर्षं कुणाशी धड न बोललेला प्राणी आहे. "काढा द्या म्हणावं कुणीतरी," असं म्हणून त्यांनी नळ परत सोडला. विषय संपला.

आता ह्याच्यापेक्षा मोठी दाद सर्किसला काय मिळणार! 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ह्या बाबाने देणग्या गोळा करायला हे अख्खं पुस्तक एका दिवसात ऑनलाइन लाइव्ह वाचलं होतं, जवळजवळ बारा तास. तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार घशाचाच आला होता.

पण मला विचाराल तर मला हा प्रकार फार झेपत नाही. म्हणजे कौतुक आहे, पण अर्ध्या तासानंतर मला गोष्ट दिसायची बंद होते आणि सर्किस दिसायला लागतो, माइकसमोर हातवारे करणारा, घामाघूम. त्यापेक्षा मला तो जुना रॉब इंगलिस बरा वाटतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं 1990 चं वाचन आहे त्याचं. आवाज वेगवेगळे काढतो पण बेताने, स्वयंपाकात हिंग घालावा इतपतच. गाणी आली की चक्क गातो, आणि त्या पुस्तकात दर चार पानांनी कुणाला ना कुणाला तरी गाणं सुचतं. आमच्या घरात दुसरा एक श्रोता आहे तो गाणं सुरू झालं की लगेच तीस-तीस सेकंद पुढे ढकलत जातो. शिवाय तो सगळं दीडपट वेगाने ऐकतो, त्या वेगात म्हातारा जादूगार गॅंडाल्फसुद्धा कुठे गाडी पकडायला निघाल्यासारखा बोलतो. ह्या एका मुद्द्यावर आमचं लग्न मोडायला हवं होतं खरं तर.

ही माझी जी खोड आहे ना, सपाट वाचन आवडण्याची, तिचं खापर मी आजीवर फोडते. श्रावणात पूजा झाली की आजी कहाणी वाचायची. आम्ही सगळी पोरं हातात अक्षता धरून बसलेली, पोटात कावळे, आणि आजी चष्म्याची दोरी कानामागे सारून एकदम सुरू. ऐका आदित्यराणूबाई तुमची कहाणी, आटपाट नगर होतं. चढ नाही, उतार नाही, थांबणं नाही, श्वास कुठे घ्यायची देव जाणे. "उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील, अगं दूध बघ गॅसवरचं, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही." हे सगळं एका सुरात, एका पट्टीत. माझा धाकटा भाऊ तर बरेच दिवस ते दूध कहाणीतलंच समजत होता.

आणि त्या कहाण्यांमध्ये होतं काय? गरीब ब्राह्मण समिधा आणायला रानात जातो, तिथे नागकन्या आणि देवकन्या वसा वसतायत. नागकन्या! आणि हा त्यांना काय विचारतो, तर काय गं बायांनो, कोणता वसा वसता, तो मला सांगा. जणू काही बसस्टॉपवर भेटल्यात. तो दचकत नाही, कहाणी दचकत नाही, आजी तर नाहीच नाही. ती खुलभर दुधाची घ्या. राजाच्या हुकमाने अख्ख्या गावाचं दूध ओतून महादेवाचा गाभारा भरत नाही, आणि म्हातारी येऊन खुलभर दूध घालते तर भरतो. इथे आजचा कुठलाही वाचणारा किमान दोन सेकंद थांबला असता, मागे बासरी वाजली असती. आजी थांबायची नाही. आणि मी अक्षता घट्ट धरून बसायचे, अंगावर काटा. गाभाऱ्यातून वर येणारं ते दूध मला आत्ताही दिसतं, कडेला थोडा फेस असलेलं. फेस कहाणीत नाहीये, मी तपासलंय.

म्हणजे जादू सपाट आवाजातच खरी वाटते, असं माझं मत. वाचणाराच "बघा बघा काय आश्चर्य" अशा सुरात आला की मला शंका येते, ह्याचाच विश्वास नाहीये बहुतेक. ज्याच्या गावात ड्रॅगन आहेत तो ड्रॅगनबद्दल कसा बोलेल? आपण भटक्या कुत्र्यांबद्दल बोलतो तसाच ना. रात्री त्या बाजूने जाऊ नका हं, एवढंच.

उलट टोकाला मामा. मे महिन्यात कराडला गेलो की रात्री गच्चीवर मामाच्या गोष्टी, आणि मामा म्हणजे वन मॅन शो. राक्षसाचा जीव सात समुद्रापलीकडच्या पोपटात, आणि राक्षस घरी आला की मामा उठून उभाच राहायचा, नाक फुलवून हुंगत हुंगत आमच्या अंथरुणांवरून फिरायचा, "मानसाचा वास येतोय... मानूस खाऊ..." त्यानंतर कुणालाही एकट्याने खाली मोरीकडे जायची हिंमत नसायची, मामी बॅटरी घेऊन सगळ्यांना रांगेने न्यायची आणि वाटेत मामाला शिव्या. मजा यायची, प्रचंड. पण गंमत म्हणजे मामाच्या गोष्टींमधलं आज काही आठवत नाही, मामाच आठवतो. मिशा, बनियन, तंबाखूचा वास, पोपटाची मान मुरगळताना होणारे त्याचे हात. आणि कहाणी वाचतानाची आजी आठवायला जाते तर नागकन्याच समोर येतात, आजी कुठे बसायची तेसुद्धा नीट सांगता येत नाही. आता ह्यात चांगलं कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

आणखी एक, मामाचा राक्षस बोलायचा ती भाषा शेतावरच्या गड्याची, आणि राजपुत्र मात्र एकदम पुणे केंद्रावरच्या बातम्या. तेव्हा काही वाटलं नाही. पण ही इंग्रजी पुस्तकं ऐकायला लागल्यापासून बघतेय, तिकडेही तीच तऱ्हा. बुटके लोक असले की ते हमखास स्कॉटिश बोलणार, एल्फ म्हणजे सगळे खानदानी, चांगल्या शाळेत गेलेले, आणि ट्रोल, गॉब्लिन वगैरे मंडळी लंडनच्या कामकरी वस्तीतली. 'हॉबिट'मधले ट्रोल तर टोल्किनने लिहितानाच त्या बोलीत लिहिलेत. एखादा एल्फ चुकून गावाकडचं बोलला असं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही. असो, मला ह्यातून काही सिद्ध करायचं नाहीये, मटार सोलताना डोक्यात येतं एवढंच.

बायकांचे आवाज हा एक वेगळाच छळ. चांगले चांगले पुरुष वाचक, भारदस्त खर्ज लावणारे, राणी बोलायला लागली की एकदम नाकात जातात. ह्याच्यावर 'व्हील ऑफ टाइम'वाल्यांनी बरा तोडगा काढला, मायकल क्रेमर आणि केट रीडिंग हे नवरा-बायकोच ती मालिका वाचतात, बाईच्या नजरेतून असलेला भाग तिने, पुरुषाच्या नजरेतला त्याने. चौदा जाडजूड पुस्तकं, चारशे तासांच्या वर ऐकणं. मला सारखा प्रश्न पडतो की हे दोघं रात्री जेवताना काय बोलत असतील, का गप्पच बसत असतील घसा वाचवत. नंतर रोझमंड पाइकनेही ती पुस्तकं वाचायला घेतली, पहिलं 2021 मध्ये आलं. टीव्हीवरच्या मालिकेत मोइरेन झालेली तीच. ऐकलं थोडं. छान वाचते. पण कान सवयीचे झाले की झाले, दुसऱ्या आवाजाला आपण सावत्रपणानेच वागवतो.

ह्या सावत्रपणाचं प्रात्यक्षिक आमच्या घरी एका दिवाळीत झालं. हॅरी पॉटरची दोन वाचनं आहेत, ब्रिटनमध्ये स्टीफन फ्राय आणि अमेरिकेत जिम डेल. आमची मुलं फ्रायवर वाढलेली, नणंदेची न्यू जर्सीची डेलवर. फराळाला बसल्यावर कुणीतरी डंबलडोरची नक्कल केली आणि तिकडचा भाचा म्हणाला, "असा नाही बोलत तो!" बास, पेटलं. "असा नाही म्हणजे काय, असाच बोलतो." दोघांनीही डंबलडोरला भेटून आल्यासारखं भांडायला सुरुवात केली. डेलचं नाव गिनेस बुकात होतं, पाचव्या पुस्तकात एकट्याने 134 आवाज काढले म्हणून, तो आकडा भाच्याने तोंडावर फेकला. आमच्या कन्येने व्होल्डेमॉर्टच्या शेवटच्या ट वरून वार केला, कारण डेल आधीच्या पुस्तकांत तो ट म्हणतच नसे, सिनेमा आल्यावर म्हणायला लागला. (खुद्द रोलिंगबाईंच्या मते तो ट म्हणायचा नाहीच, पण हे मी तेव्हा मुद्दाम बोलले नाही, आपल्या पोरीची बाजू.) शेवटी नणंदेने दोघांच्या तोंडात चकली कोंबली.

आता तर 2025 पासून तीच पुस्तकं नटांचा मोठा ताफा घेऊन नव्याने आलीयेत, माणसागणिक वेगळा नट, मागे संगीत, दार उघडल्याचा आवाज. पोरांना आवडतंय. मला ते रेडिओवरच्या श्रुतिकेसारखं वाटतं आणि श्रुतिका मला आवडायच्या, त्यामुळे तक्रार तरी काय करणार. फक्त एकच माणूस वाचत असला की त्याच्याशी जी एक ओळख होते ना, ती होत नाही. फ्राय एक किस्सा सांगतो, सुरुवातीच्या एका पुस्तकात "हॅरी पॉकेटेड इट" हे वाक्य त्याच्या जिभेला काही केल्या वळेना, म्हणून त्याने लेखिकेला फोन करून विचारलं, बदलू का जरा? ती म्हणाली नाही. आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकात तिने ते वाक्य आठवणीने घातलं म्हणे. हे कळल्यापासून ते वाक्य यायच्या आधी मीच टेन्शनमध्ये येते.

पण ह्या सगळ्या मतांना छेद देणारा माझा एक लाडका आहे, रॉय डोट्रिस. 'गेम ऑफ थ्रोन्स'ची ती पुस्तकं. पहिल्या पुस्तकात 224 आवाज, डेलच्याही वर, हाही गिनेसमधलाच विक्रम. म्हणजे माझ्या तत्त्वाप्रमाणे मला हा माणूस अजिबात आवडायला नको. अतिशय नाटकी, कुठे कुठे तर सरळ मामाच. पण म्हाताऱ्याच्या आवाजात अशी काही खरखर आहे, सगळी कारस्थानं त्याने जवळून बघितल्यासारखी. माणूसही तसाच, दुसऱ्या महायुद्धात विमानासकट पडून जर्मनांच्या कैदेत गेलेला, आणि नाटकाची सुरुवात म्हणे तिथल्या छावणीतच. ही पुस्तकं लिहिणाऱ्या मार्टिनशी ओळख आधीपासूनची, ऐंशीच्या दशकात टीव्हीच्या एका मालिकेत हा नट आणि तो लेखक.

त्याच्या वाचनात एक भानगड आहे, ऐकणाऱ्या सगळ्यांना माहितीये. सुरुवातीची पुस्तकं आणि पाचवं ह्यांच्यात बरीच वर्षं गेली, आणि मधल्या काळात त्याचे आवाज हलले. काही नावांचे उच्चारसुद्धा बदललेत. ड्रॅगनवाली ती पोरगेली राणी, गोष्टीत जेमतेम सोळाची, पाचव्या पुस्तकात तोंड उघडते ती एकदम एखाद्या आयरिश आज्जीबाईसारखी. लोक वैतागले, अजूनही वैतागतात. मीही पहिल्यांदा फोन हातात घेऊन बघितलं की भलतंच काही लागलंय का. 2011 साल होतं ते, डोट्रिस 88 वर्षांचा. एवढी जाड पुस्तकं, दिवसचे दिवस त्या काचेच्या खोलीत बसून, आणि मधल्या वर्षांत ती पोरगी त्याच्याबरोबरच म्हातारी झाली. गोष्टीत नाही झाली, त्याच्या घशात झाली. मग मला ती तशीच चालायला लागली, आता तरुण आवाजात कुणी वाचलं तर मीच म्हणेन, अशी नाही बोलत ती.

2017 साली तो गेला. सहावं पुस्तक अजून आलेलंच नाही. येईल तेव्हा दुसरं कुणीतरी वाचेल, पहिली दहा मिनिटं मी नाक मुरडीन, दीडपट वेगवाले सांगतील की चांगलंय की. बघू. आधी त्या मार्टिनला लिहून तर होऊ दे.