माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते

शिटी वाजली तेव्हा मी सवयीने विचारलं, "कोणाची?"

कुणी बोललं नाही. मी पुन्हा, जरा आवाज चढवून, "अरे, कोणाची वाजतेय?" तेव्हा मागच्या पोराने हातमोजा माझ्या खांद्यावर ठेवला आणि जमेल तेवढ्या आदराने सांगितलं, "साहेब, तुमचीच."

आमच्या अग्निशमन दलाच्या ट्रेनिंगच्या इमारतीत सर्च ड्रिल, म्हणजे धुरात माणूस शोधायचा सराव, चाललं होतं. मास्कच्या काचेवर काळं कापड, डावा हात भिंतीला, चार खोल्या आणि एक जिना. कुठेतरी साठ किलोचा डमी टाकलेला, तो शोधून बाहेर आणायचा. आम्ही तिघं आत गेलो होतो. आत शिरून फक्त सतरा मिनिटं झाली होती. बाहेर आल्यावर तिघांचे गेज बघितले. माझा काटा पन्नासच्या आसपास, दुसऱ्याचा सव्वाशेवर, आणि सगळ्यात लहान पोराकडे दीडशे बार शिल्लक (बार म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब मोजायचं माप). डमी आतच राहिला होता.

ज्यांनी बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि तोंडावरचा मास्क, कधी घातला नाही त्यांच्यासाठी थोडं गणित सांगतो. आमचा सिलिंडर ६.८ लिटरचा, भरतो ३०० बारला. म्हणजे कागदावर दोन हजार चाळीस लिटर हवा. माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असं धरलं तर ५१ मिनिटं येतात. पण ५५ बारच्या आसपास शिटी वाजायला लागते, आणि शिटीनंतरची हवा बाहेर पडण्यासाठी असते, कामासाठी नाही. तेवढी वजा केली की उरतात एक्केचाळीस. हे आकडे आम्ही सगळे पाठ करून परीक्षा पास झालोय. आता माझा हिशेब. सतरा मिनिटांत २४५ बार, म्हणजे मिनिटाला जवळजवळ शंभर लिटर. त्या पोराचा साठ.

आणि नियम असा की तुकडीची हवा म्हणजे तिच्यात ज्याची सगळ्यात कमी आहे त्याची हवा. त्याने वळायचं म्हटलं की सगळे वळतात. म्हणजे त्या दिवशी त्या दोघांच्या हवेवर मी पाणी सोडलं होतं. खरी आग असती आणि आत डमीऐवजी माणूस असता, तर तो कोणामुळे राहिला असता हे सांगायला चौकशी समिती नको.

कारण उघड आहे. प्रमोशन झाल्यापासून तीन वर्षं माझ्या गळ्यात वॉकीटॉकी आणि हातात वही. आगीची वर्दी आली की मी गाडीतून उतरून समोर उभा राहतो, आत कोण जाणार ते ठरवतो, पंपावर ओरडतो. सेट घालायचा तो तपासणीपुरता, वर्षातून दोनदा, अंगणात उभं राहून. मध्ये पोट आलं, सेहेचाळीस वय झालं. अमेरिकेत ड्यूटीवर असताना मरणाऱ्या अग्निशामकांची नोंद गेली कित्येक दशकं ठेवली जातेय. त्यात वर्षानुवर्षं सगळ्यात वर असणारं कारण भाजणं नाही, छप्पर कोसळणंही नाही. हृदय अचानक बंद पडणं हे आहे. हे मीच वर्गात शिकवतो.

ड्रिलनंतर आम्ही जमिनीवर गोल करून बसतो. माझी पद्धत ठरलेली: तू होज (पाण्याचा पाइप) ओढताना कोपऱ्यावर माणूस ठेवला नाहीस, तुझा हात भिंतीवरून सुटला, तू निरोप परत म्हणून दाखवला नाहीस. त्या दिवशी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, यातलं काहीही बोलायला आज मला जागा नाही. खडू घेतला, फळ्यावर माझं नाव लिहिलं आणि पुढे '१७ मिनिटं'. लीडिंग फायरमन खो खो हसला. वीस वर्षांची ओळख आहे, त्याला परवानगी आहे.

मग जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं. एक जण म्हणाला, साहेब, माझा मास्क गालापाशी सुटतो, मान वळवली की फस्स आवाज येतो. किती दिवस? चार महिने. त्याला एक नंबर मोठा मास्क दिला गेला होता आणि तो पट्टे आवळून आवळून काम चालवत होता. दुसरा म्हणाला, काळं कापड लावलं की पहिली दोन मिनिटं मला वाटतं छाती फुटेल, नंतर ठीक होतं. हे दोघंही माझ्या हाताखाली वर्षभर होते. दोघांच्याही कार्डावर 'उत्तम' असा शेरा आहे. अक्षर माझंच.

इथे जरा मागे जातो. भरती झालो त्या वर्षी मला सगळ्यात नकोसं काम वाटायचं ते दारावरचा बोर्ड. आत जाणारा प्रत्येक जण आपली टॅली, म्हणजे सेटवरची ओळखपट्टी, काढून देतो. तिच्यावर नाव, सिलिंडरचं प्रेशर, आत शिरल्याची वेळ. ती बोर्डावर लावायची, शिटी कधी वाजेल त्याचा हिशेब करून पुढे लिहायचं, आणि घड्याळाकडे बघत उभं राहायचं. बाकीचे धुरात, आणि आपण दारात कारकून. मला ती शिक्षा वाटायची.

तेव्हाचे एक अधिकारी कधीच टॅली देत नसत. "मी आत्ता येतो" म्हणायचे आणि शिरायचे. एकदा बोर्डावर दोन टॅल्या आणि आत तीन माणसं अशी अकरा मिनिटं मी काढली. विचारायची हिंमत नव्हती, मी सर्वांत नवा. ते आले बाहेर, मास्क काढला, पाठ थोपटली माझी. काहीच झालं नाही. काही झालं नाही म्हणूनच पुढच्या वेळीही ते तसेच गेले, त्याच्या पुढच्या वेळीही. आमच्या धंद्यात चुकीच्या सवयीला शिक्षा फार क्वचित होते. दहा वेळा सुटतो माणूस, आणि त्या दहा वेळांना तो अनुभव म्हणतो.

त्या ड्रिलनंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक, दर गुरुवारी सेट घालून काम, आणि त्यात पद बघायचं नाही. होज खांद्यावर घेऊन जिने, मग रांगत एक फेरी, मग डमी ओढायचा, शिटी वाजेपर्यंत. वेळ फळ्यावर. दोन, प्रत्येकाचा लिटरचा आकडा बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला, म्हणजे दारावरच्या माणसाने पुस्तकातले चाळीस धरायचे नाहीत, या माणसाचे जे आहेत ते धरायचे. पहिल्या महिन्यात काहींनी आकडा सुधारायला श्वास रोखून धरायला सुरुवात केली. ते मी बंद केलं. श्वास रोखला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं दुखतं, आणि मग एकदम धाप लागून वाचवलेली सगळी हवा जाते. त्याऐवजी एक जुनी युक्ती आहे. श्वास नेहमीसारखा घ्यायचा आणि सोडताना गुणगुणायचं. गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. अंधाऱ्या इमारतीत सहा जण मास्कमधून हुं हुं करत रांगतायत, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पंपावरचा ड्रायव्हर-ऑपरेटर बाहेर पळून गेला होता, हसायला.

अधिकाऱ्याने पोरांबरोबर रांगावं का, यावर आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, रांगलास की अधिकार जातो. दुसरा म्हणतो, अधिकाऱ्याचं काम बाहेर उभं राहून चित्र बघायचं, आत शिरायचं नाही. दुसरं शंभर टक्के खरं आहे. आगीवर कमांडरने नॉझल धरलं की कमांड कोणाकडेच राहत नाही. पण ड्रिल म्हणजे आग नव्हे. आणि ज्यांच्याबरोबर आपण कधी धापलो नाही त्यांना आगीत हुकूम देता येतो, फक्त तो ऐकला जाईलच असं नाही.

५ ऑगस्ट १९४९ला अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मॅन गल्च नावाच्या दरीत पॅराशूटने उतरलेली एक तुकडी वणवा विझवायला गेली. त्यांचा फोरमन वॅगनर डॉज. आग उलटली, गवताच्या चढावर त्यांच्या मागे लागली. पळून गाठता येणार नाही हे डॉजला कळलं. त्याने काडी ओढली, समोरचंच गवत पेटवलं आणि जळून गेलेल्या राखेत आडवा झाला. मागच्यांना ओरडून बोलावलं, इकडे या. एकही जण आला नाही. सगळे त्याच्या बाजूने वर पळाले. तेरा जण गेले. डॉज वाचला आणि कडा ओलांडून गेलेले दोघं वाचले. ही युक्ती त्यांना कोणी कधी शिकवली नव्हती, आणि ती तुकडी तशी एकत्र आधी राबलेलीही नव्हती. त्या पोरांनी काय पाहिलं? मागे आग, आणि पुढे आपला साहेब आणखी आग लावतोय. मीही पळालो असतो.

आता मधल्या एका रात्रीचं सांगतो, म्हणजे फळ्यावरच्या आकड्यांचा उपयोग झाला की नाही ते तुम्हीच ठरवा.

कागदाच्या गोदामाचं तळघर. ज्वाळा फारशा नाहीत, धूर दाट, पिवळट, जिन्याच्या तोंडातून ढकलल्यासारखा येणारा. वॉचमन सापडत नाही असा निरोप. दोघांना आत पाठवलं, २९० आणि २८० बारवर. पूर्ण तीनशे कधीच नसतात, हेही पुस्तकात नाही. दुसरी जोडी सेट घालून दारात तयार. आत जितके तितके बाहेर तयार, हे मी मोडत नाही. नवव्या मिनिटाला गेज विचारलं: १७० आणि १९०. वॉकीटॉकीवर आकडा सांगणाऱ्याच्या आवाजामागे मास्कचा व्हॉल्व ऐकू येतो, खट-हुश्श, खट-हुश्श. पहिल्याचा व्हॉल्व भराभर वाजत होता. गुरुवारी तो असा वाजवतो तेव्हा पुढच्या पाच मिनिटांत त्याची शिटी होते, हे मला माहीत होतं.

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात आगीवरच्या कमांडरांना विचारलं होतं, तुम्ही निर्णय कसे घेता? पर्याय मांडून तोलत असतील अशी अपेक्षा होती. तसं कुणी फारसं करत नव्हतं. समोरचं चित्र ओळखीचं वाटायचं आणि पुढची कृती त्या ओळखीबरोबरच यायची. मला हे वाचून बरं वाटलं होतं, कारण मलाही विचारलं असतं तर मी काही ठरवलं असं म्हणालो नसतो. मी तो व्हॉल्व ओळखला, एवढंच.

बाराव्या मिनिटाला तो १३० म्हणाला. मी बाहेर बोलावलं.

"साहेब, एकच खोली राहिलीय. दोन मिनिटं."

"बाहेर."

"साहेब, दार दिसतंय—"

"होज धरून बाहेर. दुसरी जोडी घेईल."

होजच्या वाटेने परत यायला त्यांना सरळ वाट मिळायला हवी होती. पण पाण्याने भिजलेले गठ्ठे मध्येच कलले होते आणि होजचा त्यात वेटोळा पडला होता. एकाच जागी ते दोनदा फिरले. शिटी जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी वाजली, खालच्या. बोर्डावरच्या पोराने घड्याळ बघून जी वेळ लिहिली होती ती अर्ध्या मिनिटाने चुकली.

दुसऱ्या जोडीने ती खोली बघितली. रिकामी. वॉचमन रस्त्यापलीकडे गर्दीत उभा होता, आग दिसल्याबरोबर निघून गेलेला. म्हणजे त्या दोन मिनिटांनी कोणाचाच जीव वाचला नसता, आणि मी बोलावलं नसतं तर कदाचित कोणाचा गेलाही नसता. स्टेशनवर होज धुताना पहिला माझ्याशी बोलत नव्हता. दार दिसत होतं, ते त्याला लागून राहिलं होतं. मी समजावायला गेलो नाही. अशा वेळी समजावलं की माणूस 'हो साहेब' म्हणतो आणि संपतं.

त्या गुरुवारी तो स्वतःच आधी सेट घालून उभा होता. शिटी वाजेपर्यंत ओढला डमी, मग फळ्यापाशी गेला आणि स्वतःचा आकडा लिहिला. मग बोर्डाचं झाकण उघडून आतला जुना आकडा खोडला आणि नवा टाकला, जुन्यापेक्षा वाईट. म्हणाला, "गोदामात एवढीच लागली होती साहेब, हा खरा."

माझं विचाराल तर परवा १९ मिनिटं झाली. यादीत अजून खालून दुसरा आहे. खाली जो आहे त्याचं नाव सांगत नाही, पण तो वीस वर्षांपासून मला ओळखतो, फळ्यावरचं माझं नाव बघून खो खो हसला होता, आणि रांगताना जे गुणगुणतो ते एकदाही सुरात नसतं.