व्हिडिओ कॉलवर औषधांची पिशवी तपासताना

फार्मासिस्टने म्हाताऱ्या माणसांची औषधं व्हिडिओ कॉलवर तपासायची असतील तर कॉलच्या आदल्या दिवशी घरच्यांना एकच काम सांगायचं: घरात जिथे जिथे औषध ठेवलेलं असेल तिथून काढून सगळं एका परातीत ओता. रोजचा डबा, फ्रिजचं दार, देवघराजवळचा कोनाडा, उशाखालची पुरचुंडी, पर्स, प्रवासाची पिशवी. डोळ्यांचे थेंब, मलम, दम्याचा पंप, इन्सुलिनचं पेन, चूर्ण, काढा, कुणीतरी आणून दिलेली गुडघ्याची पुडी, सगळंच. “आजी, रोज कोणत्या गोळ्या घेता?” असं विचारलं की पाच-सहा नावं ऐकू येतात. परातीत त्याच्या दुप्पट निघतात. उरलेल्या ‘कधीतरी घ्यायच्या’ असतात, आणि घोळ बहुतेक वेळा त्यांतच सापडतो.

मग फोटो. प्रत्येक स्ट्रिपच्या दोन्ही बाजूंचे, दिवसाउजेडी खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून. नाहीतर चकाकीत अक्षरं दिसत नाहीत. ब्रँडच्या मोठ्या नावापेक्षा त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले घटक महत्त्वाचे. मेडिकलवाल्याने कापून दिलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर पुष्कळदा नाव अर्धं असतं आणि मुदत गायब. तिथे रंगावरून अंदाज बांधायचा नाही, बिल मागवायचं. सोबत गेल्या सहा महिन्यांतल्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट.

कॉलच्या आधी फार्मासिस्टने घटकांनुसार यादी मांडून ठेवावी: घटक, मात्रा, वेळ, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी, केव्हापासून. ‘कशासाठी’चा रकाना रिकामा राहिला की तिथे बोट ठेवायचं. यादी अशी मांडली की दुहेरी औषधं आपोआप वर येतात. हृदयाच्या डॉक्टरांनी इकोस्प्रिन एव्ही दिलेलं असतं, त्यात ॲस्पिरिन आणि ॲटोर्वास्टॅटिन दोन्ही आहेत. डब्यात जुनी इकोस्प्रिन ७५ आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी दिलेली रोझुव्हासही चालूच असते. म्हणजे ॲस्पिरिन दुप्पट आणि कोलेस्टेरॉलच्या एकाच जातीच्या दोन गोळ्या. रक्तदाबाची टेल्मा ४० (टेल्मिसार्टन) बदलून टेल्मा एएम (टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन) दिली, पण आधीची कुणी थांबवलीच नाही, हेही तसंच. जनऔषधी केंद्रातली पांढरी गोळी आणि ब्रँडची गुलाबी गोळी एकच आहे, हे आजोबांना कुणी सांगितलेलं नसतं.

दुखण्याच्या गोळ्यांवर थोडं थांबायला हवं. टेल्मा एच म्हणजे टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध. त्यावर गुडघ्यासाठी झेरोडॉल पी किंवा कॉम्बिफ्लॅम पडली की तिन्ही मिळून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणि गाळण्याचा दाब खाली आणतात. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं किंवा जुलाब झाले की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, झपाट्याने वर जातं. ही गोळी पुष्कळदा चिठ्ठीवर नसते, दुकानातून मागून आणलेली असते. म्हणून “काही दुखतं का?” एवढ्यावर न थांबता “दुखलं की काय घेता, आठवड्यातून किती वेळा?” असं विचारायचं. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. तशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती एकदम बंद करायला सांगू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.

रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१ दिसलं की घरचे निर्धास्त होतात. समजा, आजी ७८ वर्षांच्या आणि वजन ४८ किलो. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा आणि बाईमाणूस असेल तर ०.८५ ने गुणा. ६२ × ४८ म्हणजे २९७६; भागिले ७९.२, गुणिले ०.८५. उत्तर येतं सुमारे ३२ मिलिलिटर प्रतिमिनिट, हा मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज. सडपातळ म्हातारपणी स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कमी दिसतं आणि मूत्रपिंड प्रत्यक्षात अर्ध्याहून कमी काम करत असतं. पायांच्या मुंग्यांसाठी दिलेल्या प्रीगाबॅलिनची मात्रा इथे साधारण निम्मी हवी. ती तशीच राहिली की आजी दिवसभर पेंगतात, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, आणि घरात म्हणतात, “वय झालंय आता.” वजन आम्ही कॉलवरच करायला लावतो; दोन वर्षांपूर्वीचं वजन या हिशोबात कामाचं नाही.

एका औषधाचा त्रास म्हणून दुसरं सुरू होतं, तेही याच यादीत पकडता येतं. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, सूज उतरवायला लघवी वाढवणारं लॅसिक्स येतं, लॅसिक्सने पोटॅशियम उतरतं, मग पोटॅशियमचं सिरप. दोन औषधांच्या सुरुवातीच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की साखळी दिसते.

वेळांचं म्हणाल तर चिठ्ठीवरचं ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) अपुरं आहे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहानाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी. इसबगोल इतर औषधांपासून दोन तास दूर. ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटून द्यायच्या नाहीत.

उपवास हा प्रश्न आपल्याकडे वेगळा विचारावा लागतो, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. मधुमेहाच्या ग्लायकोमेट जीपीमध्ये साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड असतं. सकाळी गोळी घेतली आणि साबुदाण्याची खिचडी दुपारी एक वाजता पोटात गेली तर मधल्या वेळेत साखर कोसळू शकते. रक्तदाब-हृदयासाठीचं मेटोप्रोलॉलही चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो, तो ओळखायला शिकवायचं. साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. उपवासाच्या दिवशीची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. आणखी एक: कमी सोडियमचं मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनने शरीरात पोटॅशियम आधीच साठतं, म्हणून ती घेणाऱ्याला ते धोक्याचं.

कॉलवर बोलण्यापेक्षा करून दाखवायला लावणं अधिक उपयोगी. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओढताना दाबा, दहा सेकंद रोखा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरा. बीपी बसून पाच मिनिटांनी, मग उभं राहिल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला, शेजारी कुणीतरी धरायला असताना. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर कशाची ते कळलं. मुलगा मध्येच उत्तरं देऊ लागला तर त्याला प्रेमाने थांबवावं. गोळी आईच्या हातात असते.

आठवड्याचा डबा एकाच माणसाने, एकाच वारी भरावा. त्यात तीन गोष्टी जाऊ नयेत: त्रास झाला तरच घ्यायच्या गोळ्या, मूळ पाकिटातच राहायला हवीत अशी, रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानसारखी औषधं, आणि संधिवाताचं मेथोट्रेक्झेट. ते आठवड्यातून एकदाच असतं, चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी घटून जिवावर बेततं. चिठ्ठीवर वाराचं नाव ठळक लिहून घ्या.

फार्मासिस्ट स्वतः औषध बदलत नाही. तो डॉक्टरांना पत्र लिहितो, आणि ते एका पानाचं असावं, मुद्दे तीनच. बारा मुद्द्यांचं पत्र दवाखान्याच्या गर्दीत कुणी वाचत नाही. प्रत्येक मुद्द्यात काय दिसलं, पुरावा काय, आणि काय सुचवतो. बदलही एका वेळी एकच, म्हणजे काही झालं तर कशामुळे ते कळतं. झोपेसाठी-चिंतेसाठी दिलेलं अल्प्राझोलाम आणि मेटोप्रोलॉल एकदम तोडायची नसतात, हळूहळू उतरवावी लागतात. पहिलं एकदम तोडलं तर झोप उडते आणि झटकेही येऊ शकतात, दुसरं तोडलं तर छातीत दुखणं उसळू शकतं.

दहा-बारा दिवसांनी दुसरा छोटा कॉल. गोळ्या मोजायच्या: एक तारखेला रोज एकप्रमाणे ३० आणल्या, २० तारखेच्या रात्री १० उरायला हव्यात. १७ उरल्या तर “घेता ना?” असं न विचारता “कोणत्या वेळेची राहून जाते?” असं विचारा, खरं उत्तर मिळतं. दवाखान्यात भरती होऊन घरी आल्यावर मात्र दहा दिवस थांबू नये, त्याच आठवड्यात परात पुन्हा काढावी. बंद झालेल्या गोळ्या कॅमेऱ्यासमोरच स्ट्रिपमधून फोडून चहाच्या ओल्या चोथ्यात कालवायच्या, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायच्या, आणि जुन्या यादीवर तारीख घालून काट मारायची.